अजिंठ्याच्या पद्मपाणिचित्रांतील वर्तना, प्रकाश व वर्ण

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत गर्भगृहाकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या अंगास जें बोधिसत्त्वाचें भव्य चित्र आहे, तें त्याच्या उजव्या हातांतील नीलकमलावरून पद्मपाणि या नांवानें प्रसिद्ध आहे. वाकाटक हरिषेणाच्या काळचें, म्हणजे इ. स. च्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें, असें पुष्कळ विद्वान् मानतात. त्याच्या रेखेची स्तुति आजवर भरपूर झाली आहे. तींत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. या चित्रांत प्रकाश एका बाजूनें येत नाहीं, आकृतीची छाया कोठें पडत नाहीं. यावरून आमच्या प्राचीन चित्रकारांस प्रकाशाचें ज्ञान नव्हतें असा आक्षेप घेण्यांत येतो, त्याचा येथें विचार कर्तव्य आहे.

आक्षेपकांनीं मूर्तीकडे अंमळ सावकाश पाहावें. अवयवांच्या कडा गडद आहेत; मध्याकडे यावें तसतसा तोच वर्ण उजळत जातो; नासिकेचा कणा, ओष्ठ व हनुवटी यांवर फिकट रंगाचे मोजकेच हात आहेत. हा प्रकाश सूर्याचा नव्हे कीं दिव्याचा नव्हे. जो भाग पाहणाराकडे पुढें येतो तो उजळ, जो मागें वळतो तो गडद, एवढाच येथें नियम. विष्णुधर्मोत्तराच्या तिसऱ्या खंडांतील चित्रसूत्रांत यासच वर्तना म्हटलें असून पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. निम्न व उन्नत यांचा विभाग दाखवितां येणें ही तर तेथें चित्रज्ञाची कसोटीच मानली आहे. ग्रंथाचा पाठ बऱ्याच ठिकाणीं भ्रष्ट आहे, आणि चित्रकारानें तो समोर ठेवून काम केलें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पोथी व भिंत या बाबतींत एकच गोष्ट सांगतात. तेव्हां हें अज्ञान नव्हे, निराळी पद्धति होय.

वर्णाविषयीं मात्र इतक्या निश्चयानें बोलतां येत नाहीं. गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती हे रंग येथल्या कामांत आहेत, आणि निळ्यासाठीं परदेशाहून आणिलेला लाजवर्द आहे. पण आपण पाहतों तो रंग केवळ त्या चित्रकाराचा नव्हे. इ. स. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं नकला केल्या, त्या वेळीं चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून त्यांवर व्हार्निश चढविलें. पुढें निजामसरकारनें इ. स. १९२० मध्यें बोलाविलेल्या इटालियन कारागिरांनीं, चेक्कोनी व ओर्सिनी यांनीं, सुटणारे पोपडे मोठ्या कौशल्यानें जागीं बसविले. परंतु लाखेचा लेपही दिला. हेतु उत्तम, परिणाम अनिष्ट! लेप कालांतरानें पिंवळा पडला. नंतर भारतीय पुरातत्त्व खात्यास तो उतरविण्याचें नाजूक काम हातीं घ्यावें लागलें.

पिंवळ्या पडद्याआड निळा रंग हिरवट दिसणार व पांढरा सोनेरी, हें सांगावयास रसायनशास्त्री नको. ग्रिफिथ्स यांच्या नकलांचा पडताळा घ्यावा, तर त्यांतील बऱ्याच इ. स. १८८५ मध्यें लंडन येथील आगींत जळाल्या. त्यांच्या पूर्वीच्या गिल यांच्या नकलांची इ. स. १८६६ मध्यें तीच गत झाली होती. उजळ-गडद यांचा परस्परसंबंध लेपाखालींही बहुतांशीं टिकतो, म्हणून वर्तनेविषयींचें वरील अनुमान आम्हांस सुरक्षित वाटतें. पण पद्मपाणीच्या ज्या सुवर्णकांतीचें वर्णन लेखक हौसेनें करितात, तींत चित्रकाराची पिवडी किती व लाखेचा पिंवळेपणा किती, हें लेप उतरविलेल्या भागांशीं ताडून पाहिल्यावांचून ठरवूं नये.