बांधकामातील उमेदवारी

बांधकामातील उमेदवारी : गवंडी, पाथरवट, सुतार इ. कारागिरांच्या हाताखाली ठराविक मुदतीपर्यंत राहून प्रत्यक्ष कामातून धंदा शिकण्याची पद्धती. उमेदवाराने श्रम द्यावयाचे व त्याबदली उस्तादाने कसब शिकवावयाचे, असा हा करार असतो. उमेदवाराचे श्रम रोजच्या रोज वसूल होतात. शिकविणे मात्र उस्तादाच्या इच्छेवर राहते. त्यामुळे शिकविण्याची हमी कोणी घ्यावयाची, हा या पद्धतीच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

बॅबिलनच्या हामुराबीच्या संहितेनुसार (इ. स. पू. अठरावे शतक) कारागिराने संगोपनासाठी घेतलेल्या मुलास आपले हस्तकौशल्य शिकविले नाही, तर तो मुलगा पित्याच्या घरी परतू शके. प्राचीन भारतात अशा उमेदवारास ‘अंतेवासी’ म्हणत. आचार्याने त्यास जेवू घालावे, पुत्राप्रमाणे वागवावे व शिल्पाव्यतिरिक्त अन्य काम सांगू नये, असे नारदस्मृती सांगते. उलट, शिल्प लवकर अवगत झाले, तरी अंतेवासीने ठरलेली मुदत पुरी करावी व त्या काळातील श्रमाचे फळ आचार्यास द्यावे, असाही दंडक होता. मयमत या वास्तुग्रंथात स्थपती, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकी असे चार शिल्पी सांगितले असून सूत्रग्राही हा स्थपतीचा पुत्र वा शिष्य असतो, असे म्हटले आहे.

मध्ययुगीन यूरोपात ही हमी कारागीर-संघांनी घेतली. पॅरिसमध्ये सु. १२६८ मध्ये संकलित झालेल्या नियमांप्रमाणे गवंड्यास सामान्यतः एकच उमेदवार ठेवता येई व तोही सहा वर्षांहून कमी मुदतीने नव्हे. लंडनच्या १३५६ च्या नियमांत ही मुदत किमान सात वर्षे होती. या निर्बंधांमुळे शिक्षणाचा दर्जा टिकला, तसेच धंद्यातील स्पर्धाही मर्यादित राहिली. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची अट देशभर लागू केली. तथापि १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनच्या पुनर्रचनेसाठी कारागीर अपुरे पडल्याने १६६७ च्या कायद्याने बाहेरच्या कारागिरांना शहरात काम करण्याची मुभा दिली. १८१४ मध्ये सक्तीच्या उमेदवारीची कलमे रद्द झाली.

भारतात १८५० च्या अधिनियमान्वये दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून ठेवण्याची तरतूद झाली. याच सुमारास शाळेतून धंदेशिक्षण देण्यास प्रारंभ झाला. पुण्यात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामांवरील दुय्यम अधिकाऱ्यांसाठी अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) शिल्पसजावटीत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा वाटा होता. परंतु सामान्य गवंडी बांधकामावरच तयार होत राहिला. आरंभी वाळू चाळणे, चुना मळणे व विटा भिजविणे. नंतर भिंतीच्या गाभ्यात भर घालणे आणि हात बसल्यावर ओळंबा, गुण्या व पाणसळ यांच्या साहाय्याने कोपरे उभारणे, असा हा क्रम असे. कोपरा चुकला की संपूर्ण भिंत चुकते, म्हणून ते काम सर्वांत शेवटी हाती येई.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये लेखी व नोंदणीकृत करार, विद्यावेतन आणि प्रशिक्षण यांची जबाबदारी नियोक्त्यावर आली. गवंडीकामाचाही समावेश या योजनेत झाला. मात्र अधिनियमानुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी ठरतो. बांधकामाची जागा सतत बदलते, कामे पोटकंत्राटाने दिली जातात व मजूर मुकादमामार्फत येतात. त्यामुळे एकाच नियोक्त्याशी दीर्घ मुदतीचा करार करणे या धंद्यात अवघड जाते. परिणामी अनेक गवंडी बिगारी म्हणून येऊन पाहून पाहून शिकतात. त्यांच्या उमेदवारीस मुदत नसते आणि तिच्या अखेरीस प्रमाणपत्रही नसते. त्यांच्या कसबाची साक्ष त्यांनी बांधलेली भिंतच देते.