रक्ताच्या कर्करोगासाठी ठेवलेला पैसा: हिशेब कोणी तपासायचा? (थ्रेड)

१/ इगतपुरीत आज कोणी वैद्यकीय संशोधनासाठी न्यास स्थापला, तर त्याची नोंद नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात होते. या व्यवस्थेचा पाया मुंबई राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने घातला.

२/ त्याआधी बरेच काही देणगीदाराच्या विवेकावर. १९३१ मध्ये मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने वारल्या. १९३२ मध्ये पती सर दोराबजींनी त्यांच्या नावे न्यास केला. उत्पन्नाचे चार पंचमांश जगभरातील संशोधनासाठी, उरलेला एक भारतातील. हेतू इतका नेमका, की हिशेबाला मापच मिळाले. (अशी दक्षता दुर्मीळच.)

३/ १९५० च्या कायद्याने वार्षिक लेखापरीक्षण सक्तीचे केले. अनियमित, बेकायदा वा अयोग्य खर्च आणि पैशाचा अपव्यय नोंदवणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्य ठरले.

४/ हे सर्वांना रुचले नाही. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ च्या निकालात न्यासांकडून घेतली जाणारी वर्गणी कर नव्हे, शुल्क ठरली. देखरेखीची यंत्रणा टिकली. मात्र मूळ हेतू साध्य होत असताना धार्मिक न्यासाचा पैसा अन्यत्र वळवण्याची तरतूद रद्द झाली.

५/ संशोधन-न्यासाची अडचण निराळीच. दवाखान्यातले रुग्ण मोजता येतात; प्रयोगाचे फळ दहा वर्षांनीही येईलच असे नाही. फसलेला प्रयोग म्हणजे अपव्यय नव्हे, आणि जुळलेला ताळेबंद म्हणजे संशोधन नव्हे. म्हणून अशा न्यासाचा ताळेबंद न्यासपत्र आणि दिलेल्या अनुदानांची यादी शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.