अंगणातील किल्ला

वसंत व्याख्यानमालेत इतिहास हा विषय आला, म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा असते ती लढायांची, तहांची आणि राजकारणाची. भोरसारख्या गावात तर ही अपेक्षा अगदी स्वाभाविक होय. दक्षिणेला रोहिडा, वायव्येला राजगड आणि त्याच्याही पलीकडे वेल्ह्याच्या माथ्यावर तोरणा. मध्ये हिरडस मावळ, गुंजण मावळ आणि रोहिड खोरे. ज्या मातीवर आपण बसलो आहोत तिचा प्रत्येक चढउतार बखरीत आणि कागदपत्रांत नोंदलेला आहे. परंतु इतिहासाची एक शाखा अशीही आहे, की जिची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती म्हणजे आपल्या घरातील लहान मुलांच्या हातांची. मुले घरात काय रंगवीत, काय घडवीत, कशाने घडवीत आणि त्यातून काय शिकत, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्याच्या उत्तरावर पुढल्या पिढीचे बरेच काही अवलंबून आहे.

सध्या चैत्र-वैशाखाचे दिवस आहेत, तेव्हा आरंभ चैत्रापासूनच करू. चैत्र लागला की दारापुढे चैत्रांगण काढण्याची आपल्याकडील रीत. शिरगोळ्याची पांढरी पूड चिमटीत धरून कमळ, शंख, गोपद्म, तुळशीवृंदावन, गौरीचा पाळणा अशी चिन्हे अंगणात उतरत. आई रेघ ओढी, पाच वर्षांची मुलगी शेजारी ठिपके देई. दोन वर्षांनी ठिपके जुळवी, आणि आणखी दोन वर्षांनी आईच्या हातातली रांगोळीची वाटी तिच्या हाती येई. आषाढी अमावास्येला दिवे उजळावयाचे, म्हणून कणकेचे दिवे वळण्यास मुले पाटापाशी जमत. श्रावणात नागपंचमीचा नाग पाटावर गंधाने काढला जाई किंवा मातीचा केला जाई. कोठे बेंदूर, कोठे पोळा. त्या दिवशी मातीचे बैल घरोघर होत आणि गुराखी पोरांचे बैल पुष्कळदा घरधन्याच्या बैलांहून डौलदार निघत. आश्विनात भोंडल्यासाठी पाटावर हत्ती काढावयाचा, आणि दिवाळी आली की कामट्या व कागद यांचा आकाशकंदील आणि अंगणात मातीचा किल्ला. वर्षभराचे हे चक्र पाहिले म्हणजे ध्यानात येते, की 'कला' हा शब्दही न उच्चारता आपल्या घरांनी चित्रकामाचा आणि मातीकामाचा एक संपूर्ण अभ्यासक्रम चालविला होता.

या अभ्यासक्रमाची तीन लक्षणे होती. पहिले असे, की त्याला पैसा लागत नसे. चुना, गेरू, हळद, कोळसा, माती आणि पाने हेच त्याचे साहित्य. दुसरे असे, की केलेली वस्तू टिकवावयाची नसे. रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडून निघे, नाग विसर्जित होई, किल्ला पुढच्या पावसात विरघळे. त्यामुळे बिघडण्याचे भय नव्हते. यंदा चुकले तर पुढल्या वर्षी पुन्हा संधी होतीच. तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. मोठी माणसे त्याच कामात शेजारी असत. ती मुलाचे परीक्षक नव्हती, सोबती होती. अर्थात या चित्रात उणेही होते. रांगोळी मुलींची आणि किल्ला मुलांचा, अशी वाटणी आपण करून ठेवली होती. त्यामुळे पुष्कळ मुलींच्या हाती कधी दगडमाती आली नाही आणि पुष्कळ मुलांच्या बोटांना कधी नाजूक रेघ साधली नाही. जुन्या रीतीचे कौतुक करताना हे उणे झाकून ठेवणे बरे नव्हे.

पुढे इंग्रजी अमदानीत चित्रकला शाळेत गेली. 1857 साली मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली आणि कालांतराने एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा गावोगावच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचल्या. या शिक्षणाने आपल्याला चांगले चित्रकार, आरेखक आणि ड्रॉइंग मास्तर दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण त्याची शिस्त नमुन्याबरहुकूम नक्कल करण्याची होती. तेरा-चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला ती कदाचित उपकारक असेल. चार वर्षांच्या बालकाला ती मारक ठरते. घरीही मग तोच दृष्टिकोन शिरला. मुलाने निळा बैल काढला की 'बैल असा असतो का?' असा प्रश्न येऊ लागला. ज्याला नक्कल साधत नाही त्याला 'चित्रकला येत नाही' असे ठरवून आपण मोकळे झालो.

नेमक्या याच सुमारास युरोपात काही विचारवंत उलट दिशेने निघाले होते. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल याने 1837 साली लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि 1840 साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. कागदाच्या घड्या, विणकाम आणि मातीकाम ही त्याच्या मते खरी पाठ्यपुस्तके. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक याने 1897 साली मुलांचा चित्रवर्ग उघडला. मुलांना मोठ्यांची नक्कल करावयास न लावता त्यांना त्यांचे म्हणणे रंगांतून मांडू द्यावे, हे त्याचे तत्त्व होते. 1907 साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी आपले बालगृह सुरू केले; पुढे 1939 साली त्या स्वतः भारतात आल्या.

आपल्याकडे हा विचार आला तो प्रथम गुजरातेत. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरास बालमंदिर उघडले, आणि मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ताराबाईंचे खरे मोठेपण पुढे दिसले. माँटेसरींची साधने महाग आणि परदेशी. ती खेड्यात कोठून आणावयाची? 1945 साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि शिंपले, खडे, बिया, पाने, माती यांनाच शिक्षणसाधनांचा मान दिला. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ या मूळच्या आपल्याच पुणे जिल्ह्यातील. त्यांचा जन्म 1910 साली मोरगावचा. 1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, मुले गुरांमागे कुरणात जातात तर शाळेनेही कुरणात जावे, हा या दोघींचा बाणा. 'अंगणवाडी' हा शब्द 1975 नंतर सरकारी योजनेमुळे देशभर गेला. त्याच्या मुळाशी कोसबाडचे हे अंगण आहे. जगाची प्रदक्षिणा करून बालशिक्षणाचे शास्त्र अखेर अंगणातल्या मातीशीच येऊन थांबले, हा केवळ योगायोग नव्हे. मूल हाताने विचार करते, हे सत्य आपल्या आजीला अनुभवाने ठाऊक होते; ताराबाईंनी त्याला शास्त्राची बैठक दिली.

आता भोरकडे येऊ. मुलांच्या घरगुती हस्तव्यवसायांत दिवाळीचा किल्ला मी सर्वश्रेष्ठ मानतो, आणि त्याचे कारण भावनिक नाही. किल्ला ही एकच वस्तू अशी आहे, की जी करताना मुलाला चित्रकार, गवंडी, भूगोलाचा विद्यार्थी आणि इतिहासकार अशा चारही भूमिका घ्याव्या लागतात. दगडविटांचा ढीग रचला, त्यावर चिखलात बुचकळलेले गोणपाट पसरले, की डोंगर उभा राहतो. मग पहिला वाद होतो तो तळे कोठे करावयाचे याचा. अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी दुर्गांचे प्रकरण लिहिताना आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा, असेच बजावले आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष, चोरदिंड्याही असाव्यात, हेही त्यांचेच सांगणे. ज्या मुलाने अंगणात तळे खोदून त्यात पाणी ओतले आणि ते जिरून गेलेले पाहिले, त्याला टाके खडकात का खोदतात हे कोणी शिकवावे लागत नाही.

आणि येथल्या मुलांना नमुन्यासाठी पुस्तक उघडण्याचीही गरज नाही. राजगडाच्या तीन माच्या डोंगराच्या तीन सोंडांवर पसरल्या आहेत आणि मधोमध बालेकिल्ला उभा आहे. बांधणाऱ्याने डोंगराचा आकार मोडला नाही, त्याच्याच कलाने तट फिरविला. सुवेळा माचीच्या कातळात आरपार नेढे आहे. ओल्या मातीत बोट घातले की मुलाचेही नेढे तयार. संजीवनी माचीचा दुहेरी तट करावयाचा तर दोन भिंतींमध्ये अरुंद वाट ठेवावी लागते, आणि ती ठेवताना ती का ठेवली असेल, हा प्रश्न आपोआप पडतो. तोरण्याच्या बुधला माचीवरील सुळका उपड्या बुधल्यासारखा दिसतो. रोहिड्यावर एकामागून एक तीन दरवाजे लागतात. हाच रोहिडा 1665 सालच्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागलेल्या 23 किल्ल्यांपैकी एक, तर राजगड आणि तोरणा महाराजांकडे राहिले. पुढे राजाराममहाराजांच्या काळी सचिवपद मिळालेल्या शंकराजी नारायणांच्या वंशाकडे हा मुलूख आला. त्यांचे भोर संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झाले. एवढा इतिहास आठ वर्षांच्या मुलाला ऐकविला तर तो जांभई देईल. पण त्याच्या हातून रोहिड्याचा तिसरा दरवाजा ढासळला, म्हणजे 'हा कोणी घेतला होता?' असे तो स्वतः विचारतो. प्रश्न हातातून उपजला की उत्तर डोक्यात राहते.

2025 साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा दुर्ग गेले. त्यांत राजगड आहे. आनंदाचीच गोष्ट. पण त्याच काळात आपल्या बाजारपेठांतून प्लॅस्टरचे तयार किल्ले विकावयास येतात, ही गोष्टही आपण डोळ्यांआड करू नये. बुरूज, पायऱ्या, तळे, सगळे जागच्या जागी. फक्त मावळे मांडावयाचे. रंगकामाचेही तसेच. कोणत्या चौकटीत कोणता रंग भरावयाचा, ते आकडे घालून आधीच ठरविलेले. असा किल्ला सुबक दिसतो, शेजारी वाखाणतात. मात्र त्यात मुलाने एकही निर्णय घेतलेला नसतो. जुन्या नमुन्याबरहुकूम चित्राचेच हे नवे, महागडे रूप होय. ज्या मुलूखात डोंगराच्या कलाने राज्य उभे राहिले, तेथल्या मुलाला दुसऱ्याने ओतलेला डोंगर आणून द्यावा, यात किती हशील आहे, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

यावर काही आक्षेप येतील. जागा नाही, वेळ नाही, घर घाण होते. आक्षेप खोटे नाहीत. पण सदनिकेच्या गॅलरीत एका जुन्या परातीतही राजगड मावतो. नुसती काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून तीत थोडी वाळू किंवा भुसा मिसळावा. वर आळीव किंवा मोहरी पेरून पाणी शिंपडावे, तीन-चार दिवसांत गडावर रान उगवते. दिवाळीची वाट पाहण्याचेही कारण नाही. पुढचा दीड महिना सुटीचाच आहे. तीन वर्षांच्या बालकाला तांदळाच्या पिठाची शिजवलेली खळ द्यावी, तीत हळद किंवा बिटाचा रस घालावा आणि जुन्या वर्तमानपत्रावर बोटे फिरवू द्यावीत. चार-पाच वर्षांच्या मुलाला भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून ठसे उमटविता येतात. प्रत्येक ठशात एक फूल. सहा वर्षांच्या मुलाला हळदीत चिमूटभर चुना मिसळून दाखवावा. पिवळ्याचा तांबडा होताना पाहिला, की त्याला रंगाचे कोडे पडते आणि रसायनशास्त्राचा पहिला धडाही मिळतो. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळावा, तो डोळ्यांत जाता कामा नये. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, शिंप्याकडील चिंध्या, पिंपळाचे वाळलेले पान, नीरेच्या पात्रातील गोटे, एवढ्या भांडवलावर सबंध सुटी निघते.

पथ्ये दोनच आहेत. मूल काम करीत असता त्याच्या हातातील कुंचला आपण घेऊ नये. आणि 'हे काय काढले आहेस?' असे दरडावून न विचारता 'याची गोष्ट सांग' असे म्हणावे. मुलाचा बैल निळा असेल, बुरूज तटाबाहेर गेला असेल, महाराजांपेक्षा त्यांचा घोडा लहान झाला असेल. तो दोष नव्हे. त्या वयाची ती दृष्टी आहे, आणि ती पुन्हा येत नाही.

गडांची डागडुजी शासन करील, करावयासच हवी. पण गड म्हणजे काय हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे असा नागरिक तयार करण्याचे खाते कोणत्याही शासनाकडे नाही. ते घराकडे आहे, आणि त्याला लागणारी माती दारातच आहे. यंदाच्या दिवाळीत भोरच्या आळ्यांतून फिरताना ओबडधोबड, वाकडे, अर्धवट ढासळलेले किल्ले पुष्कळ दिसोत, आणि ते रचणारांत मुलींची संख्या मुलांइतकीच असो, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.