मोटारगाडीची सुकाणू यंत्रणा

चालकाने सुकाणू चक्राला दिलेले वळण गाडीच्या पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेला सुकाणू यंत्रणा म्हणतात. व्यवहारात ती 'स्टिअरिंग' या नावानेच ओळखली जाते.

रचना

आजच्या बहुतेक मोटारींत रॅक-पिनियन पद्धत असते. चक्राच्या दांड्याच्या टोकाचे लहान दंतचक्र दात्यांची आडवी पट्टी सरकवते आणि टाय रॉड चाके वळवतात. जड ट्रक व बसमध्ये मात्र सुकाणू पेटी वापरतात. पुणे जिल्ह्यातील चाकण पट्ट्यात ही दोन्ही प्रकारची वाहने आढळतात. चाकणच्या औद्योगिक क्षेत्रात फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्र यांचे कारखाने आहेत. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथील झेडएफ स्टिअरिंग गिअर या कंपनीत सुकाणू पेट्या तयार होतात.

खेळ आणि त्याचे समायोजन

चक्र थोडे फिरवूनही चाके जागची हलत नाहीत, त्या मोकळ्या हालचालीस 'खेळ' किंवा 'प्ले' म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार हा खेळ चक्रावर ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. जोडसांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात व बोल्ट पक्के अडकवलेले असावेत, असेही तो नियम सांगतो. ३८ सेंटीमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेने सुमारे १० सेंटीमीटर. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे; रॅक-पिनियनच्या मोटारीत याहून पुष्कळ कमी खेळही तपासणीस पुरेसे कारण ठरतो. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत तपासणी करताना गाडी उभी, चाके सरळ आणि इंजिन सुरू असावे लागते.

सुकाणू पेटीवर समायोजनाचा स्क्रू असतो. तो घट्ट करून खेळ कमी झाल्यासारखा वाटतो, पण दोष झिजलेल्या बॉल जॉइंटमध्ये असेल तर तो तसाच राहतो. शिवाय स्क्रू प्रमाणाबाहेर आवळल्यास वळणानंतर चक्र आपोआप मध्यावर परतत नाही. म्हणून आधी सांधे पाहावेत, पेटी नंतर.

गाडी एका बाजूला ओढत असल्यास प्रथम टायरमधील हवा मोजावी. खड्ड्याचा जोरदार धक्का बसल्यावर किंवा टाय रॉड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेणे आवश्यक असते. ठरावीक वेगाला चक्र थरथरत असेल, तर बहुधा अलाइनमेंटचा नव्हे, चाकांच्या बॅलन्सिंगचा प्रश्न असतो. गॅरेजमध्ये या दोहोंची गल्लत वारंवार होते.

चालकाची बैठक

आसन आधी आणि चक्र नंतर, असा समायोजनाचा क्रम ठेवावा. पाठ टेकलेली असताना मनगट चक्राच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. एअरबॅग चक्राच्या मध्यात असल्याने छाती तेथून किमान २५ सेंटीमीटर दूर असावी. हात घड्याळातील ९ व ३ च्या जागी ठेवतात. चक्र वर-खाली करण्याची कळ केवळ उभ्या गाडीतच सोडावी व ती पुन्हा घट्ट बसली की नाही, हे चक्र हलकेच ओढून पाहावे.

इंजिन बंद असताना

घाट उतरताना इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची सवय धोक्याची आहे. पॉवर स्टिअरिंगचे साहाय्य संपून चक्र एकाएकी जड होते. ब्रेकचे साहाय्यही लवकरच संपते. किल्लीच्या गाडीत किल्ली काढल्यास सुकाणू कुलूप लागून चक्र पूर्णपणे अडकू शकते. चालत्या गाडीचे इंजिन आपोआप बंद पडल्यास किल्ली न काढता, दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कडेला घेता येते.