एका गुणगुणीचा इतिहास

वाद्यांतील दोष कोणता व गुण कोणता, याचा निवाडा वाद्य करणारा एका रीतीनें करतो आणि वाजविणारा दुसऱ्या रीतीनें. आपल्या तंबोऱ्याचेंच उदाहरण घ्या. तार घोडीवर नुसती टेकविली तर तिचा स्वर अगदीं स्वच्छ निघतो; परंतु तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा धागा सरकवून तिला थोडी झणझण आणल्याखेरीज जवारी लागत नाहीं, आणि जवारीवांचून तंबोरा गवयाच्या उपयोगाचा नाहीं. विजेच्या गिटारीच्या इतिहासांत गुणदोषांचा हाच वाद नव्वदांहून अधिक वर्षें चालू आहे. आज मराठी घरांतूनही तरुण मुलें ही गिटार वाजवितात, आणि वर्षा-दोन वर्षांनीं ‘मूळचे पिकप काढून चांगले बसवूं, म्हणजे एकाच गिटारीवर सर्व तऱ्हेचें संगीत वाजेल’ अशी मागणी वडील मंडळींपुढें येते. तिचा निकाल लावण्यापूर्वीं तो इतिहास पाहणें हिताचें होईल, असें आम्हांस वाटतें.

पिकप म्हणजे मूळांत एक लोहचुंबक व त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे कांहीं हजार वेढे घालून केलेलें वेटोळें. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळें वेटोळ्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. गिटारीची पोलादी तार कांपली, कीं तिच्याखालील चुंबकक्षेत्र कांपतें व वेटोळ्यांत तसाच कांपरा प्रवाह उठतो. ध्वनिवर्धक तो मोठा करून कर्ण्यास देतो. या तत्त्वावर अमेरिकेंत जॉर्ज बीचम व अॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं केलेली गिटार १९३२ सालीं विक्रीस आली. ती मांडीवर आडवी ठेवून हवाई बेटांच्या पद्धतीनें वाजवावयाची असे, आणि तिच्या आकारावरून लोक तिला तळण्याचा तवा म्हणत. पुढें १९३६ मध्यें गिब्सन कंपनीनें उभी धरून वाजविण्याची गिटार पिकपसह काढली. १९३९ सालीं तरुण चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमन याच्या ताफ्यांत आला, आणि जी गिटार तोंवर कर्णे व सनया यांच्या गलबल्यांत बहुधा ताल धरून बसे, ती त्यांच्या बरोबरीनें बोलूं लागली. १९४२ मध्यें, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, क्षयानें त्याचा अंत झाला. पण गिटारीला मिळालेला आवाज मागें राहिला.

या आवाजासोबत एक उपद्रवही आला. वेटोळ्यास तारेचें कांपणें व आसपासच्या विजेच्या तारांतील चंचल प्रवाह यांत भेद करतां येत नाहीं. तो प्रवाह अमेरिकेंत सेकंदास ६० व आपल्याकडे ५० आवर्तनें घेतो. त्यामुळें वाजविणारा थांबला तरी कर्ण्यांतून गुणगुण ऐकूं येते. तिला गप्प करण्याची युक्ति गिब्सनच्या सेथ लव्हर या शिल्पज्ञानें काढली. पेटंटासाठीं त्यानें १९५५ सालीं अर्ज केला व तें १९५९ सालीं मिळालें. त्यानें दोन वेटोळीं शेजारीं बसविलीं. त्यांची जोडणी परस्परांच्या उलट केली व चुंबकाचीं टोंकेंही उलट ठेविलीं. बाहेरची गुणगुण दोहोंत सारखीच शिरते व उलट जोडणीमुळें एकमेकींस खोडून टाकते. तारेचा स्वर मात्र दोनदां उलटला गेल्यामुळें सरळ होतो व दुणावतो.

परंतु निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. दोन वेटोळीं तारेचे दोन निरनिराळे बिंदु ऐकतात. त्यामुळें कांहीं अतिसूक्ष्म वरचे स्वरांश क्षीण होतात. शिवाय एकत्र जोडलेल्या दोन वेटोळ्यांमुळें नाद भरदार पण किंचित् झांकलेला होतो. लिओ फेंडर याच्या कंपनीनें १९५४ मध्यें काढलेल्या स्ट्रॅटोकॅस्टरवर एकेरी वेटोळ्याचे तीन पिकप होते. त्यांचा कांचेसारखा स्वच्छ नाद ज्यांच्या कानांत बसला, त्यांनीं गुणगुण पत्करली, पण तो सोडला नाहीं. इतकेंच नव्हे, तर तिच्या खटक्याच्या तीन जागांच्या मध्यें खटका अडकवून वादकांनीं आणखी दोन नाद काढले. कारखान्यानें पांच जागांचा खटका बसविला तो १९७७ सालीं. म्हणजे वादकाचा कान कारखान्याच्या वीस वर्षें पुढें होता.

पिकप बदलण्याचा स्वतंत्र धंदा याच वेळचा. लॅरी डिमार्झिओनें १९७० नंतरच्या प्रारंभींच्या वर्षांत ‘सुपर डिस्टॉर्शन’ नांवाचा जोरकस पिकप काढला, आणि सेमूर डंकन याची कंपनी १९७६ सालीं निघाली. डंकननें त्यापूर्वींच जेफ बेक या वादकासाठीं फेंडरच्या गिटारींत गिब्सनचे जुने पिकप नवी तार गुंडाळून बसवून दिले होते. दोन घराण्यांचे गुण एका वाद्यांत आणण्याची आजच्या मुलांची हौस अशी जुनी आहे.

ती पुरी होते काय? कांहीं अंशीं होते. दुहेरी पिकपाचें एक वेटोळें खटक्यानें बंद करतां येतें. मग एकेरी पिकपाच्या वळणाचा नाद निघतो. पण जोर घटतो आणि घालविलेली गुणगुण परत येते. जाहिरातींत हजारों ओहमांचा आंकडा मोठा छापतात. वेढे वाढले कीं जोर व मधला नाद वाढतो, परंतु वरची चमक उतरते, हें तेथें ठळक छापीत नाहींत. अनेक वळणांचें संगीत एकाच गिटारीवर वाजवावयाचें असेल, तर घोडीजवळ दुहेरी व उरलेल्या दोन जागीं एकेरी पिकप ही पुष्कळांची पसंती आहे. तींतही घोडीजवळ तार थोडी झुलते म्हणून तेथला पिकप अधिक जोराचा व दांडीजवळचा सौम्य हवा. एकेरी पिकपाच्या खांचेंत मावणारे दुहेरी पिकपही मिळतात. त्यांसाठीं लांकूड कोरावें लागत नाहीं.

यावरून निघणारा बोध आमच्या मतें असा कीं, निवड करतांना कोणता गुण हवा हें विचारण्यापेक्षां कोणता दोष आपण सुखानें सोसूं, हें विचारावें. तंबोऱ्याची जवारी लावून घेतांनाही गवई ती खुली हवी कीं बंद, हें आधीं ठरवितो. एका घोडीवर एका वेळीं दोन्ही मागत नाहीं. त्याचें कारण तो अल्पसंतुष्ट आहे हें नव्हे. आपला गळा कोणता, हें त्यास ठाऊक असतें. वडिलांनीं म्हणून मुलास नकार देण्यापूर्वीं, किंवा पैसे देण्यापूर्वींही, एवढेंच सांगावें, कीं आधीं एक पेंचकस घेऊन मूळच्या पिकपांची उंची थोडी खालीं-वर करून पाहा. पिकप तारेच्या फार जवळ असला तर त्याचा चुंबक तारेस ओढतो व स्वर बेसूर करतो. तो उतरविल्यानें कधीं कधीं तक्रारच मिटते. महिनाभर असें ऐकून मुलास आपला दोष नेमका सांगतां आला, तर खुशाल नवा पिकप आणावा. नाहीं तर नव्या पिकपासही तो लवकरच नांवें ठेवूं लागेल.