पारखी आणि चिक्कू

बेसबॉल संघाचा जनरल मॅनेजर म्हणजे निम्मा वधूवरसूचक मंडळवाला आणि निम्मा बैलबाजारातला दलाल. स्वतः बॅट धरायची नाही. दुसऱ्याच्या दावणीची माणसे हेरायची आणि भाव पाडून आणायची!

ब्रँच रिकी हा यातला बडा पारखी. गृहस्थ धार्मिक; रविवारी सामन्याला जायचा नाही. बाकीचे सहा दिवस मात्र पैशाला फार जपायचा. १९४५ साली ब्रुकलिन डॉजर्ससाठी त्याने जॅकी रॉबिन्सन घेतला. सहीचे ३,५०० डॉलर, पगार महिना ६००. आणि तो ज्या कृष्णवर्णीय संघातून उचलला, त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सना काय दिले म्हणता? छदामसुद्धा नाही! वर रॉबिन्सनला अट : शिव्या खायच्या, पण हात उचलायचा नाही. १९४७ साली गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये उतरून त्या तापट माणसाने ती पाळली. रिकीने वाचवलेले पैसे असे दुसऱ्याच्या जिवातून वळते झाले.

पुढे रिकी पिट्सबर्गला गेला. १९५४ साली डॉजर्सनी १०,००० डॉलर बोनस देऊन प्वेर्तो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे आणला आणि माँट्रियलच्या दुय्यम संघात ठेवला. नियमाप्रमाणे असा खेळाडू हंगामानंतर दुसऱ्याला ठरल्या भावात उचलता येई. रिकीने आपल्याच जुन्या घरातून तो ४,००० डॉलरला उचलला!

क्लेमेंटेने पुढे ३,००० हिट्स मारल्या. ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान कोसळून तो गेला. अशा माणसाची पावती चार हजारांची! पारख रिकीचीच, बुवा; पण त्याची वही काही त्या माणसांना पुरी पडली नाही.