कारखान्यांची इर्जिक

खेड्यात वाढलेल्या वाचकांना इर्जिक ठाऊक असेल. एखाद्याची नांगरणी अडली, की गावातले शेतकरी आपापले बैल नि औते घेऊन त्याच्या शेतात उतरत. मजुरी ठरत नसे. काम झालं की जेवणाची पंगत बसे. आता तुम्ही म्हणाल, शेतीत हे ठीक. पण पैपैचा हिशेब जिथे चालतो त्या कारखानदारीत असं कुठं घडतं का? घडलं आहे. जपानात, १९९७ साली.

त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला, शनिवारी, पहाटे सव्वाचारच्या सुमारास आइची प्रांतातील कारिया येथे आयसिन सेकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. मोटारीच्या मागच्या ब्रेकवरचा दाब आवरणारा एक व्हॉल्व्ह तिथे तयार होई. वस्तू लहान, सिगारेटच्या पाकिटाएवढी. पण तिच्यावाचून मोटार पुरी होत नसे. टोयोटा कंपनीला लागणारे असे जवळजवळ सर्व व्हॉल्व्ह या एकाच ठिकाणाहून येत. आणि साठा? दोन-तीन दिवसांचा. गोदामात माल पडून राहिला म्हणजे पैसा अडकला, ही टोयोटाची शिस्त. तिनेच कंपनीला मोठे केले, आणि आता तिनेच कोंडीत धरले. मंगळवारी मोटारजोडणीच्या ३० पैकी २० रांगा बंद पडल्या. उरलेल्यांचीही तीच गत होऊ लागली.

मात्र मदतीचे निरोप आगीच्या दिवशीच गेले होते. एरवी कारखानदार आपले आराखडे कुलपात ठेवतो. आयसिनने ते मागेल त्याच्या हाती दिले. खास यंत्रे जळालेली, तेव्हा ज्याने त्याने आपल्याकडच्या साध्या यंत्रांवर जमेल तशी रीत बसवली. असे ६२ कारखाने कामाला लागले. शिलाईयंत्रांसाठी नावाजलेल्या ‘ब्रदर’ कंपनीचा मोटारीच्या भागांशी संबंध नव्हता. तिने एक यंत्र बदलून घेतले आणि दिवसाला चाळीस व्हॉल्व्ह काढले. चाळीसच! पण नाही म्हटलं नाही. भावाची बोलणी कुणी काढली नाहीत. चार दिवस पुरे होतात न होतात तोच पहिला माल पोचला, आणि दहा दिवसांत मोटारींचे उत्पादन जवळपास पूर्ववत झाले.

हा निव्वळ परोपकार होता, असं मात्र समजू नका. टोयोटा थांबली असती तर यांतल्या पुष्कळांच्या चुली थंडावल्या असत्या. परंतु नुसती पोटाची भीती असती, तर प्रत्येकाने आधी करारनामा मागितला असता. इथे वर्षानुवर्षांचा घरोबा उपयोगी पडला. एकमेकांच्या कारखान्यांत जाणे, कामाच्या रीती शिकवणे, चुका बरोबर बसून निस्तरणे हे आधीपासून चालू होते. कुणाकडे कोणते यंत्र आहे नि कुणाचा शब्द पक्का, हे विचारत बसावे लागले नाही. पुढे आयसिनने खर्च भरून दिला. टोयोटानेही आपल्या थेट पुरवठादारांना तीन महिन्यांच्या विक्रीवर एक टक्का दिला, एकूण १५ अब्ज येनहून अधिक.

म्हणून साऱ्या गावाने एकाच विहिरीवर विसंबून राहावं, असं कुणी म्हणणार नाही. तो धोका खराच. पण विम्याच्या पैशातून भिंती उभ्या राहतात. भाव न विचारता धावून येणारा शेजारी त्यातून मिळत नाही. त्याचा हप्ता आगीच्या कितीतरी आधीपासून, चोख व्यवहाराने भरत राहावा लागतो.